क्लाउड सर्व्हरवर स्वतःचा मेल: घ्यायचा कसा, पाठवायचा कसा

"सर, इकडं मेल गेला म्हणून दाखवतंय, पण पार्टीला भेटलाच नाही." मराठवाड्यात छोट्या कंपन्यांची संगणकाची कामं करणाऱ्या प्रत्येकानं हे ऐकलेलं असतं. वसमतच्या हळदीचा तपासणी अहवाल असो, जालन्याच्या बियाणं कंपनीचं दरपत्रक असो की लातूरच्या डाळ मिलचं बिल, खरेदीदार इंदूरला किंवा चेन्नईला बसलेला असतो. कागद त्याच्या स्पॅममध्ये पडला तर तो फोन करून विचारत नाही, दुसऱ्याकडून माल घेतो. म्हणून मेलची मांडणी नीट व्हायला हवी. ती कशी करायची ते इथं क्रमानं सांगतो.

उदाहरणासाठी वसमतची एक शेतकरी उत्पादक कंपनी धरू. तिचं डोमेन 'हळदकंपनी डॉट इन' असं कल्पू. वेबसाइट एका उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) क्लाउड सर्व्हरवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या दूरच्या संगणकावर, आहे आणि मेलही तिथूनच चालवायचा आहे. सेटिंगची आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत लिहायची.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची सगळी पावलं त्यावर ठरतात. मेल घेणं आणि मेल पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घेण्याचं काम आपल्या सर्व्हरवर निर्धास्तपणे करावं. पाठवण्यासाठी मात्र आपल्या आयपी पत्त्याची, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या क्रमांकाची, बाजारात पत लागते, आणि नव्या क्लाउड सर्व्हरच्या पत्त्याला ती नसते. तो पत्ता आपल्या आधी कोणाकडे होता आणि त्यानं त्यावरून काय पाठवलं, हे आपल्या हातात नाही. त्यामुळे छोट्या संस्थेनं मेल स्वतःकडे घ्यावा आणि पाठवताना एखाद्या रिले सेवेमार्फत, म्हणजे आपले मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या कंपनीमार्फत, पाठवावा. थेट पाठवायचं असेल तर तेही सांगतो, पण त्याला सांभाळणारा माणूस हवा.

पहिलं पाऊल: पोर्ट २५ उघडं आहे का?

इन्स्टॉलेशनला हात लावण्याआधी हे पाहा. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार. जगभरचे मेल सर्व्हर एकमेकांशी पोर्ट २५ वर बोलतात, आणि स्पॅम रोखण्यासाठी बहुतेक क्लाउड कंपन्यांनी बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळातच बंद ठेवलेलं असतं. गूगल क्लाउडवर ते बंदच असतं. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ या क्लाउड सर्व्हरवर अर्ज करून उघडून मागता येतं, पण कारण सविस्तर लिहावं लागतं. डिजिटल ओशनच्या ड्रॉपलेटवर (त्यांचा क्लाउड सर्व्हर) २५ सोबत ४६५ आणि ५८७ सुद्धा अडवलेले असतात.

आत येणारं पोर्ट २५ ही वेगळी गोष्ट आहे. ते फायरवॉलमध्ये उघडलं की चालतं, म्हणजे घेण्याच्या कामात अडचण नाही. फायरवॉल मात्र दोन ठिकाणी असते: एक क्लाउडच्या पॅनेलमध्ये, दुसरी सर्व्हरच्या आत. दोन्हीकडे २५, आपल्या माणसांनी मेल पाठवण्यासाठी ४६५ आणि ५८७, मेल वाचण्यासाठी ९९३ आणि प्रमाणपत्रासाठी ८० ही पोर्ट उघडा. ११० आणि १४३ बंदच राहू द्या. आता साध्या, कूटबद्ध नसलेल्या जोडणीचं कोणालाच काम पडत नाही.

आयपी पत्ता कायमचा घ्या, नाहीतर सर्व्हर बंद करून चालू केला की पत्ता बदलू शकतो आणि सगळी मांडणी कोलमडू शकते. मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि मेल साठवून दाखवणारा डोव्हकॉट या दोन प्रोग्रॅमच्या जोडीला १ जीबी मेमरी पुरते. सोबत रस्पॅमडी हा स्पॅम गाळणारा प्रोग्रॅम लावायचा तर २ जीबी घ्या. क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्रॅमही हवा असेल तर ४ जीबीच्या खाली जाऊ नका, तो एकटाच १ जीबीहून जास्त खातो.

दुसरं पाऊल: नाव आणि पत्ता जुळवणं

सर्व्हरला 'मेल डॉट हळदकंपनी डॉट इन' असं पूर्ण नाव द्या. मग डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीत) दोन नोंदी करा. या नावाची ए नोंद सर्व्हरच्या आयपीकडे जाईल आणि डोमेनची एमएक्स (मेल कुठं द्यायचा ते सांगणारी) नोंद या नावाकडे. एमएक्समध्ये आयपी लिहायचा नाही, आणि ज्याची सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी) नोंद आहे असं नावही चालत नाही. जुना मेल दुसरीकडे चालू असेल तर बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल (इतरांनी नोंद किती वेळ जपून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवर मेल यायला लागल्यावरही जुनी पेटी लगेच बंद करू नका.

तिसरी नोंद उलटी असते, तिला पीटीआर म्हणतात. आयपीवरून नाव विचारलं तर 'मेल डॉट हळदकंपनी डॉट इन' हेच उत्तर यायला हवं. ही नोंद डोमेन जिथून घेतलं तिथं होत नाही, आयपी ज्याचा आहे त्या क्लाउड कंपनीकडे करावी लागते. डोमेनच्या पॅनेलमध्ये ती शोधण्यात लोकांचा बराच वेळ जातो. डिजिटल ओशनवर तर ड्रॉपलेटचं नावच पूर्ण डोमेनसह ठेवलं की पीटीआर आपोआप तयार होते.

थेट पाठवणाऱ्यांनी आयपीव्ही६ (आयपी पत्त्याचा नवा, लांब प्रकार) कडे लक्ष द्यावं. सर्व्हरला असा पत्ता असेल आणि त्याची पीटीआर नसेल, तर जीमेल तो मेल नाकारतं. पीटीआर करता येत नसेल तर पोस्टफिक्सच्या 'आयनेट अंडरस्कोर प्रोटोकॉल्स' सेटिंगला आयपीव्ही४ एवढंच लिहा.

तिसरं पाऊल: पोस्टफिक्स

पोस्टफिक्स हा वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला मेल सर्व्हर. १९९८ मध्ये तो खुला झाला आणि आजही छोट्या सर्व्हरसाठी मी तोच सुचवतो, कारण त्याच्या चुका लॉगमध्ये (कामाच्या नोंदीत) स्वच्छ वाचता येतात. उबुंटूत तो बसवताना प्रकार विचारला जातो, तिथं 'इंटरनेट साइट' निवडा.

मुख्य फाइल 'मेन डॉट सीएफ'. तिच्यात 'मायहोस्टनेम'ला सर्व्हरचं पूर्ण नाव द्या. 'मायडेस्टिनेशन'मध्ये फक्त लोकलहोस्ट ठेवा. कंपनीचं डोमेन 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स'मध्ये लिहा. एकच डोमेन दोन्हीकडे लिहिलं तर पोस्टफिक्स लॉगमध्ये इशारा देतो आणि मेल चुकीच्या वाटेनं जातो. अशी विभागणी करण्याचं कारण म्हणजे मेल वापरणाऱ्या माणसांची सर्व्हरवर लिनक्स खाती असू नयेत. गोदामातल्या मुलाचा मेल पासवर्ड फुटला तरी त्यातून सर्व्हरचं दार उघडता कामा नये.

'मायनेटवर्क्स'मध्ये सर्व्हर स्वतः, म्हणजे १२७.०.०.१, एवढंच असू द्या. ऑफिसमधून पाठवणं सोपं जावं म्हणून काही जण इथं ऑफिसच्या ब्रॉडबँडची अख्खी आयपी रांग घालतात. मग त्या रांगेतला कोणताही बाधित संगणक पासवर्डशिवाय तुमच्या नावानं मेल पाठवू शकतो. असा उघडा रिले स्पॅमवाल्यांना लवकर सापडतो आणि सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो. ऑफिस असो की घर, प्रत्येकानं पासवर्ड देऊनच पाठवायचं.

जोडपत्राची मर्यादा मुळात साधारण १० एमबी असते. प्रयोगशाळेचे स्कॅन केलेले अहवाल, निविदांची कागदपत्रं यांना ती कमी पडते. 'मेसेज साइझ लिमिट' २५ एमबीच्या आसपास न्या. जोडपत्र मेलमध्ये बसवताना सुमारे एक तृतीयांशानं फुगतं, म्हणजे २५ एमबीच्या मर्यादेत १८ एमबीपर्यंतची फाइल जाते.

सेटिंग बदलल्यावर 'पोस्टफिक्स चेक' चालवा. आपण मूळ सेटिंगपेक्षा वेगळं काय काय केलं आहे ते 'पोस्टकॉन्फ' ला 'उणे एन' जोडून दिसतं. हा निकाल एका फाइलमध्ये जपून ठेवा, सर्व्हर पुन्हा उभा करायची वेळ आली की तो कामाला येतो.

चौथं पाऊल: प्रमाणपत्र आणि डोव्हकॉट

जोडणी कूटबद्ध करायला प्रमाणपत्र लागतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र सर्टबॉट या प्रोग्रॅमनं घ्या. ते ९० दिवसांचं असतं आणि नूतनीकरण आपोआप होतं. पण फाइल नवी झाली तरी चालू असलेला डोव्हकॉट जुनंच प्रमाणपत्र धरून बसतो. त्यामुळे सर्टबॉटच्या 'डिप्लॉय हुक'मध्ये पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट दोन्ही रीलोड करणारी ओळ घाला. ही ओळ राहिली तर तीन महिन्यांनी एखाद्या सकाळी सगळ्यांच्या फोनवर 'प्रमाणपत्र संपले' असा इशारा येतो.

आलेले मेल साठवणं आणि फोनवर, संगणकावर दाखवणं हे डोव्हकॉटचं काम. बसवण्याआधी आवृत्ती बघा. २.४ मध्ये सेटिंगची लिहिण्याची पद्धत बदलली आहे आणि २.३ साठी लिहिलेली फाइल तिथं चालत नाही. उबुंटू २४.०४ वर २.३ मिळते. आवृत्ती न बघता जुन्या लेखातल्या ओळी चिकटवल्या तर डोव्हकॉट सुरूच होणार नाही.

साठवण 'मेलडीर' पद्धतीनं ठेवा. तिच्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते, त्यामुळे बॅकअप घेणं आणि चुकून पुसलेला एखादाच मेल परत आणणं सोपं जातं. पोस्टफिक्सनं आलेला मेल एलएमटीपी या मेल सोपवण्याच्या पद्धतीनं डोव्हकॉटकडे द्यायचा. पाठवणाऱ्याचा पासवर्ड तपासायचं कामही पोस्टफिक्सनं डोव्हकॉटवरच सोपवायचं, म्हणजे एका माणसाचा एकच पासवर्ड राहतो. 'मास्टर डॉट सीएफ'मध्ये ५८७ आणि ४६५ या दोन्ही पोर्टच्या ओळी उघडा आणि तिथं पासवर्ड सक्तीचा करा. पोर्ट २५ वर पासवर्ड विचारूच नका, ते फक्त दुसऱ्या सर्व्हरांसाठी आहे.

पेट्या मोजक्याच करा: विक्री, हिशेब, संचालक. 'पोस्टमास्टर' हा पत्ता नियमानं लागतोच, सोबत 'अब्यूज' ठेवा आणि दोन्हीचे मेल कोणीतरी वाचत असेल असं पाहा. कोणत्याही नावानं आलेला मेल स्वीकारणारी सरसकट पेटी ठेवू नका, तिच्यात कचराच साचतो. जो पत्ता नाही त्याचा मेल दारातच नाकारला जायला हवा. आत घेऊन नंतर परत पाठवला, तर तो ज्याचं नाव खोटं वापरलं गेलं अशा निरपराध माणसाकडे जातो.

फोनवर सेटिंग देताना येणाऱ्या मेलसाठी ९९३, जाणाऱ्यासाठी ४६५, आणि वापरकर्ता म्हणून पूर्ण ईमेल पत्ता. आपल्याकडे बरीच माणसं फोनवरच मेल बघतात, तेव्हा चाचणी फोनवरच करा.

पाचवं पाऊल: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क

मेल खरंच आपल्या डोमेनकडून आला का, हे समोरच्याला तपासता यावं म्हणून या तीन सोयी आहेत. बहुतेकांचे मेल स्पॅममध्ये जातात ते इथल्या चुकांनी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं नियम कडक केले आहेत. प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच, पीटीआर हवी, जोडणी टीएलएसची, म्हणजे कूटबद्ध, हवी. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही बंधनकारक आहेत. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ देऊ नका. आपली कंपनी दिवसाला पन्नास मेल पाठवत असली तरी तिन्ही करा. खर्च काहीच नाही, तीन नोंदींचं काम आहे.

एसपीएफ ही डोमेनची टीएक्सटी (मजकुराची) नोंद. आमच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ते ती सांगते. डोमेनला अशी एकच नोंद असते. वेबसाइटवाल्यानं एक आणि मेलवाल्यानं दुसरी केली तर दोन्ही निकामी होतात, त्या एकात मिसळा. नोंद तपासताना जास्तीत जास्त १० डीएनएस शोध करायची मुभा आहे. वेगवेगळ्या सेवांचे 'इन्क्लूड' घालत गेलं की ती ओलांडली जाते आणि मग एसपीएफ नापास. जुन्या, बंद केलेल्या सेवांची नावं काढून टाका.

एसपीएफची मोठी उणीव म्हणजे खरेदीदारानं मेल दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड केला की ते तुटतं. तिथं डीकेआयएम टिकतं. मोंढ्यातल्या काटापट्टीवर सही-शिक्का असला की ती चार हातांतून फिरली तरी वजनात खाडाखोड झाली का ते कळतं, तसं हे काम करतं. सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीनं सही करतो आणि जुळणारी जाहीर किल्ली डीएनएसमध्ये असते. रस्पॅमडी लावला असेल तर सहीही त्याच्याकडूनच करा, वेगळा प्रोग्रॅम नको. किल्ली २०४८ बिटांची घ्या. टीएक्सटी नोंदीचा एक तुकडा २५५ अक्षरांहून मोठा चालत नाही, म्हणून ही किल्ली अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून लिहावी लागते. काही डोमेन पॅनेल हे आपोआप करतात, काही शेवटची अक्षरं गुपचूप कापतात. नोंद केल्यावर 'डिग' या डीएनएस विचारण्याच्या आज्ञेनं मागवून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा.

डीमार्क 'अंडरस्कोर डीमार्क' या उपनावावर लिहितात. दोन्ही तपासण्या नापास झाल्या तर काय करायचं, हे तिथं आपण सांगतो. पास होणं पुरेसं नसतं. ज्या डोमेनवर तपासणी पास झाली ते आणि वाचणाऱ्याला 'प्रेषक' म्हणून दिसणारं डोमेन जुळायला हवं. सुरुवातीला धोरण 'नन' (काही करू नका) ठेवा आणि अहवालांसाठी एक पत्ता द्या. गूगल वगैरे रोज एक्सएमएल फाइल पाठवतात, तिच्यात तुमच्या नावानं कोणत्या आयपीवरून किती मेल गेले ते असतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून किंवा वेबसाइटच्या चौकशी फॉर्ममधून जाणारे मेल बऱ्याचदा इथंच पहिल्यांदा उघड होतात. ते सगळे जुळले की 'क्वारंटीन' (स्पॅममध्ये टाका), आणि नंतर 'रिजेक्ट' (नाकारा). पैशाच्या व्यवहाराचे मेल जाणाऱ्या कंपनीनं 'नन' वर थांबू नये. बँक खातं बदलल्याचा खोटा मेल तुमच्या नावानं गेला तर नुकसान खरेदीदाराचं होतं आणि नाव तुमचं जातं.

सहावं पाऊल: रिलेमार्फत पाठवणं

'मेन डॉट सीएफ'मध्ये 'रिलेहोस्ट' म्हणून रिले सेवेचं नाव चौकोनी कंसात आणि पुढे पोर्ट लिहा. वापरकर्ता आणि पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती 'पोस्टमॅप' या आज्ञेनं पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करा. फाइलची परवानगी ६००, म्हणजे रूटशिवाय (सर्व्हरच्या मुख्य खात्याशिवाय) कोणी वाचणार नाही. 'एसएमटीपी टीएलएस सिक्युरिटी लेव्हल' निदान 'एन्क्रिप्ट' ठेवा, नाहीतर पासवर्ड उघडा जाऊ शकतो.

अ‍ॅमेझॉनची एसईएस ही रिले सेवा मुंबईच्या केंद्रातून मिळते. नवं खातं सुरुवातीला सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीपुरत्या मर्यादेत, असतं: २४ तासांत २०० मेल, तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. बाहेर येण्यासाठी अर्ज करताना काय पाठवणार, कोणाला पाठवणार आणि नको म्हणणाऱ्याचं नाव कसं काढणार, ते सरळ लिहा. क्लाउडनं ५८७ अडवलं असेल तर ही सेवा २५८७ वरही ऐकते. तिचं परतीचं (न पोचलेला मेल जिथं परततो ते) डोमेन मुळात अ‍ॅमेझॉनचंच असतं, त्यामुळे एसपीएफ पास झालं तरी तुमच्या नावाशी जुळत नाही. डीमार्क तेव्हा फक्त डीकेआयएमवर तरतं. 'कस्टम मेल फ्रॉम' मध्ये आपलं उपडोमेन दिलं की दोन्ही जुळतात.

चाचणी आणि लॉग

स्वतःच्या जीमेल पत्त्यावर मेल पाठवा आणि तिथं 'शो ओरिजिनल' उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींसमोर 'पास' हवं. मग उलट दिशेनं मेल पाठवून बघा. विषय मराठीत लिहूनच चाचणी करा. मेल प्रोग्रॅममधून मराठी विषय नीट जातो, पण वेबसाइटच्या स्क्रिप्टनं तो यूटीएफ-८ मध्ये एन्कोड केला नाही तर समोर नुसती चिन्हं उमटतात. '.भारत' डोमेनवर देवनागरी ईमेल पत्ताही घेता येतो आणि पोस्टफिक्स ३.० पासून तो समजतो. मला त्याचं मनापासून अप्रूप आहे. तरी व्यापारासाठी जोडीला इंग्रजी अक्षरांचा पत्ता ठेवाच, कारण समोरच्याचा सर्व्हर तो स्वीकारेलच असं नाही.

मेल अडकला तर 'मेलक्यू' मध्ये (थांबलेल्या मेलच्या रांगेत) दिसतो आणि कारण मेल लॉगमध्ये असतं. उत्तराचा आकडा ४ नं सुरू होत असेल तर नकार तात्पुरता आहे, पोस्टफिक्स मुळात पाच दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. अनोळखी सर्व्हरला मुद्दाम थोडं थांबवणारे पुष्कळ सर्व्हर आहेत, घाबरून पुन्हा पुन्हा पाठवू नका. आकडा ५ नं सुरू होत असेल तर नकार पक्का, आणि पुढचं वाक्य वाचलं की पत्ता चुकला, पीटीआर नाही की काळी यादी, ते कळतं. वसमतला दिवसभर वीज नसली तरी मेल येत राहतो, कारण सर्व्हर क्लाउडवर आहे. आणि सर्व्हरच बंद पडला, तर पाठवणाऱ्याकडचे सर्व्हरही साधारण अशाच मुदतीपर्यंत प्रयत्न करतात, एखाद्या दुपारच्या बंदीनं मेल हरवत नाही.

लॉग किती ठेवायचे याचाही नियम आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपल्या संगणक यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. उबुंटू मेल लॉग मुळात चार आठवडेच ठेवतं. 'लॉगरोटेट' या जुने लॉग काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा आकडा २६ आठवडे करा.

पोर्ट उघडल्यावर थोड्याच वेळात लॉगमध्ये पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न दिसू लागतील. असे प्रयत्न करणारे पत्ते अडवणारा फेल२बॅन लावा आणि त्यात पोस्टफिक्स, डोव्हकॉट दोन्हींचे नियम चालू करा. स्पॅमहाऊस या संस्थेची काळी यादी वापरणार असाल तर सर्व्हरवर स्वतःचा अनबाउंड हा डीएनएस विचारणारा प्रोग्रॅम चालवा. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलेल्या प्रश्नांना ही यादी नीट उत्तर देत नाही.

थेट पाठवणार असाल तर पहिले काही आठवडे रोजच्या ओळखीच्या खरेदीदारांनाच मेल करा आणि त्यांना फोनवर सांगून स्पॅममधून बाहेर काढून उत्तर द्यायला लावा. सभासदांना वार्षिक सभेची सूचना एकदम हजार पत्त्यांवर नव्या आयपीवरून टाकू नका. तेवढं एक काम रिलेवरूनच करा. बॅकअपमध्ये मेलडीरसोबत 'ईटीसी' या सेटिंगच्या फोल्डरमधल्या पोस्टफिक्स, डोव्हकॉट आणि रस्पॅमडीच्या फाइली, डीकेआयएमची गुप्त किल्ली आणि डीएनएस नोंदींची प्रत घ्या. हा बॅकअप त्याच क्लाउड खात्यात न ठेवता बाहेर ठेवा, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख कंपनीच्या दोन माणसांच्या फोनमध्ये घालून ठेवा.